परदेशी जाताना औषधाचे खरे नाव सोबत ठेवा

अमेरिकेतला रक्तदाबाचा एक रुग्ण सर्बियात गेला होता. तिथे त्याच्यावर नेहमीच्या गोळ्या विकत घ्यायची वेळ आली. गोळीचे नाव डायलाकोर. दुकानात त्याच नावाची गोळी मिळाली आणि ती त्याने घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत या नावाखाली डिल्टियाझेम हे रक्तदाबाचे औषध विकले जात होते. सर्बियात मात्र याच नावाच्या गोळीत डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध होते. डिजॉक्सिनचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत फार थोडे अंतर असते. रुग्णाला विषबाधा झाली आणि ती जिवावर बेतली.

या प्रकारानंतर जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्यात आणखीही उदाहरणे होती. फ्लोमॅक्स ही अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरची गोळी, तर इटलीत याच नावाने सूज आणि वेदनेवरचे औषध मिळत होते. नॉरप्रामिन अमेरिकेत नैराश्यावर दिले जाते, तर स्पेनमध्ये त्या नावाने ॲसिडिटीवरचे ओमेप्राझोल विकले जात होते. यात दुकानदाराने फसवले नव्हते आणि औषधही बनावट नव्हते. कंपनीने दिलेले नाव हे त्या त्या देशापुरते असते, एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे हा धोका निर्माण होतो.

महाराष्ट्रातून आता परदेशी जाणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या लक्षणीय आहे. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाते, कुणी मे महिन्यात युरोपच्या सहलीला. कुणी दुबईला मुलाकडे, कुणी थायलंड-बालीला, कुणी हज किंवा उमराहला. बहुतेकांच्या बॅगेत बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची गोळी असतेच. इथे असताना नेहमीच्या डॉक्टरांना सगळा इतिहास ठाऊक असतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ‘ती सकाळची छोटी गुलाबी गोळी द्या’ म्हटले तरी कळते. परदेशात यातले कुणीच सोबत नसते. त्यांच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर उतरवून नेणे, हीच प्रवासाची खरी वैद्यकीय तयारी होय.

एका गोळीची दोन नावे

प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने दिलेले, पट्टीवर मोठ्या अक्षरांत छापलेले. दुसरे त्यातल्या रसायनाचे, म्हणजे औषधाचे मूळ नाव. ते पट्टीवर लहान अक्षरांत असते आणि त्यापुढे मिलिग्रॅम लिहिलेले असतात. जनौषधी केंद्रातून औषध घेणाऱ्यांना हे दुसरे नाव परिचयाचे असते. परदेशातल्या फार्मासिस्टला आणि डॉक्टरला उपयोगी पडते ते हेच.

हे नाव बहुतेक देशांत सारखे असते, पण अमेरिकेत काही अपवाद आहेत. आपल्याकडचे पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन असते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. शुगरच्या गोळीतले ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, तर क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन तिथे रिफॅम्पिन. ही औषधे एकच आहेत, फक्त नावे वेगळी.

दुसरी अडचण अशी, की आपल्याकडे रोज लिहिली जाणारी काही औषधे इतरत्र मिळतच नाहीत. मधुमेहासाठी इथे सर्रास दिली जाणारी ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि व्होग्लिबोज ही चारही औषधे अमेरिकेत विक्रीस नाहीत. रक्तदाबाचे सिल्निडिपिन तिथे नाही, मळमळीवरचे डॉम्पेरिडोन नाही. हृदयाची झडप बदललेले अनेक रुग्ण इथे रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲसेनोकुमारॉल घेतात. तेही अमेरिकेत मिळत नाही; तिथे वॉरफेरिन वापरले जाते. दोन्ही एकाच गटातली असली तरी त्यांचे डोस वेगळे आहेत आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना रक्ताची आयएनआर तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करण्याची आपल्याकडची पद्धतही तिकडे तितकी रुळलेली नाही. त्यामुळे ‘संपली तर तिथे घेऊ’ हा हिशेब दीर्घ आजारांच्या औषधांबाबत धरू नये. मुक्कामाला पुरतील एवढ्या आणि वर दोन आठवड्यांच्या गोळ्या न्याव्यात.

अमेरिकेत साधारण नव्वद दिवसांपुरते औषध स्वतःसाठी नेता येते. त्याहून अधिक राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांना पुढचे औषध घरून कुरिअरने मागवता येते, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आणि चिठ्ठीची प्रत पार्सलसोबत लागते. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी ही कागदपत्रे निघण्यापूर्वीच करून ठेवावीत.

इन्सुलिनचे गणित

सर्वांत सावध राहायला हवे ते इन्सुलिन घेणाऱ्यांनी. भारतात सिरिंजने टोचायच्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या यू-४० प्रकारच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. अमेरिका, युरोप आणि आखाती देशांत यू-१०० चा वापर आहे, म्हणजे तेवढ्याच द्रवात १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. आपल्याकडे यू-४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि यू-१०० च्या सिरिंजचे नारिंगी असते.

समजा, एका आजोबांचा डोस २० युनिटचा आहे. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत द्रव घेतला, की तो अर्धा मिलिलिटर भरतो. बॅगेतली बाटली संपली आणि तिथे यू-१०० ची बाटली घेऊन त्याच जुन्या सिरिंजने २० ची खूण गाठली, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. अडीचपट इन्सुलिनने साखर इतकी खाली येऊ शकते, की माणूस बेशुद्ध पडेल. उलट बाजूने यू-४० ची बाटली आणि यू-१०० ची सिरिंज अशी जोडी झाली, तर डोस निम्म्याहून कमी पडतो. म्हणून नियम एकच : बाटली बदलली तर सिरिंजही बदलायची. पेनमधून घ्यायचे इन्सुलिन आपल्याकडेही सहसा यू-१०० असते, त्यामुळे प्रवासासाठी पेन अधिक सोयीचे. मात्र हा बदल निघायच्या आदल्या दिवशी न करता महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून करावा.

इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीही ठेवू नये. तिथल्या थंडीने ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते हातातल्या बॅगेतच हवे. डॉक्टरांचे पत्र सोबत असेल तर सुरक्षा तपासणीत सहसा अडचण येत नाही. लांबच्या प्रवासात दिवस मोठा किंवा लहान होतो, तेव्हा डोसच्या वेळा कशा बदलायच्या तेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

साखर मोजण्याचे एककही बदलते. आपल्याकडे आणि अमेरिकेत मिलिग्रॅममध्ये आकडा येतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिथला आकडा १८ ने गुणला, की आपला आकडा मिळतो. तिथला ७ म्हणजे आपला १२६, तिथला १५ म्हणजे आपला २७०. लंडनच्या दवाखान्यात ‘तुमची साखर पंधरा आहे’ असे ऐकल्यावर साखर फार कमी झाली असे समजून कुणी गोड खाऊ लागले, तर भलतेच व्हायचे.

काउंटरवर काय मिळते, काय नाही

आपल्याकडे कायद्याने अँटिबायोटिकला चिठ्ठी लागते, तरी ओळखीच्या दुकानात पट्टीतल्या चार गोळ्या कापून मिळतात. ही सवय घेऊन परदेशी दुकानात गेलेल्यांची निराशा होते. अमेरिका, ब्रिटन, बहुतेक युरोप आणि ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक, रक्तदाबाची गोळी किंवा झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अमेरिकेत तर चिठ्ठी तिथल्या परवानाधारक डॉक्टरचीच लागते. पुणे किंवा नागपूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथले दुकान औषध देत नाही. तरीही ती चिठ्ठी न्यावी, कारण तिच्या आधारे तिथला डॉक्टर लवकर निर्णय घेऊ शकतो.

जर्मनी आणि फ्रान्समध्ये साधे पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, फार्मसीतच जावे लागते. फ्रान्समध्ये ते २०२० पासून काउंटरच्या मागे ठेवले जाते आणि मागितल्यावरच मिळते. फ्रान्समधली फार्मसी हिरव्या क्रॉसच्या दिव्यावरून ओळखू येते, जर्मनीतली लाल रंगातल्या ‘ए’ अक्षरावरून. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, पण प्रत्येक भागात एक दुकान पाळीने उघडे असते. ते कोणते, याची सूचना बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. हॉटेलच्या स्वागतकक्षातही ही माहिती मिळते.

या देशांतला फार्मासिस्ट हा औषध काढून देणारा नुसता विक्रेता नसतो. त्रास काय, किती दिवसांपासून, आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे तो विचारतो. जुलाब, सर्दी, घशाची खवखव, ॲलर्जी, किड्याचा चावा, पायाला आलेले फोड अशा किरकोळ तक्रारींत त्याचा सल्ला फुकट मिळतो आणि तो बहुधा योग्य असतो. डॉक्टरकडे जायला हवे असेल, तर तसे तो स्पष्ट सांगतो. त्याच्या प्रश्नांना ‘काही नाही, तुम्ही गोळी द्या’ असे उत्तर देऊ नये. चालू औषधांचा कागद त्याच्यासमोर ठेवावा.

थायलंडमध्ये चित्र निराळे आहे. तिथे फार्मासिस्ट बरीच अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. सोय वाटते, पण गरज नसताना ती घेण्याचा मोह होतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांपैकी एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते. म्हणून आग्नेय आशिया किंवा आफ्रिकेत औषध घ्यायचे झाले तर फार्मासिस्ट हजर असलेल्या मोठ्या दुकानातून किंवा रुग्णालयाच्या दुकानातून घ्यावे. बंद खोके, त्यावरचे मूळ नाव आणि मुदतीची तारीख पाहावी. सुट्या गोळ्यांची पुडी घेऊ नये. अंगदुखीवर अशा पुड्या देण्याची पद्धत आपल्याकडे आहे तशी तिथेही आहे आणि त्यांत स्टेरॉइड असू शकते.

चिठ्ठीशिवाय मिळाले म्हणजे निर्धोक नव्हे

अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये सर्दी-तापाच्या औषधांनी कपाट भरलेले असते. थंडीने सर्दी झालेले आजोबा नातवासोबत जाऊन एक बाटली आणतात. शिवाय घरून आणलेली तापाची गोळी चालूच असते. त्या बाटलीतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असते, फक्त ॲसिटामिनोफेन या नावाने. दोन्ही मिळून दिवसाची मर्यादा सहज ओलांडली जाते. धडधाकट प्रौढ माणसासाठी ही मर्यादा चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा मद्यपान असेल तर ती आणखी कमी. ती ओलांडल्यास यकृताला इजा होते आणि सुरुवातीचा दिवसभर फारसा त्रासही जाणवत नाही.

सर्दीच्या औषधात नाक मोकळे करणारा घटक असतो, तो रक्तदाब वाढवतो. रात्री शांत झोप लागावी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत डायफेनहायड्रामिनसारखे औषध असते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने अडकू शकते, वयस्कर व्यक्ती गोंधळल्यासारखी होऊ शकते, रात्री उठताना पडू शकते. आयब्युप्रोफेन तिथे डब्याने मिळते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदय कमकुवत असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आग्नेय आशियात ताप आला तर तो डेंगीचा असू शकतो. त्यात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे आणि रक्त तपासून घ्यावे.

बॅगेतली अडचणीची औषधे

एका देशातले रोजचे औषध दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असू शकते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलामसारखी औषधे नेण्यासाठी सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. सिंगापूरमध्येही कोडीन, डायझेपाम अशा औषधांसाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या जळजळीवर आपल्याकडे सर्रास दिले जाणारे प्रेगाबालिन अमिरातीत, अमेरिकेत आणि एप्रिल २०१९ पासून ब्रिटनमध्येही नियंत्रित औषध आहे. झोपेसाठी इथे लिहिले जाणारे एटिझोलाम अमेरिकेने २०२३ मध्ये सर्वांत कडक यादीत टाकले. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेले औषध नेता येत नाही आणि चिठ्ठीचे कोणतेही औषध एका महिन्यापेक्षा अधिक न्यायचे तर परवानगी काढावी लागते.

ही यादी बदलत राहते. म्हणून तिकीट काढल्यावर त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव शोधून पाहावे. खोकल्याचे औषध, वेदनेची गोळी आणि झोपेची गोळी ही तीन तर नक्कीच. शेजाऱ्याने मुलासाठी दिलेले औषधाचे पाकीट स्वतःच्या बॅगेत घालू नये. काही रसौषधी आणि भस्मांमध्ये शिसे किंवा पारा असतो, तर काही जुन्या पाठांमध्ये अफू. तीही अडचणीत आणू शकतात. दुबईला मुलाकडे अनारसे नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. खसखस तिथे बंदी असलेल्या पदार्थांत आहे.

गोळ्या मूळ पट्टीत किंवा खोक्यातच न्याव्यात. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली डबी घरी सोयीची, पण विमानतळावर त्यातल्या गोळ्या कसल्या हे सिद्ध करता येत नाही. दुकानदाराने कापून दिलेल्या तुकड्यावर नाव किंवा मुदत राहिलेली नसते. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्या घ्याव्यात. त्यांचे दोन भाग करावेत आणि किमान आठवडाभराच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

डॉक्टर कुठे गाठायचा

छातीत दाब किंवा कळ, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, झटका येणे, रक्ताची उलटी, काळी शौच, अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजणे. यांपैकी काहीही झाले तर औषधाच्या दुकानाची वाट धरू नये, सहलीचा व्यवस्थापक येण्याची वाटही पाहू नये. थेट रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बसमध्ये बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून गप्प बसणाऱ्यांचा हाच वेळ वाया जातो.

रुग्णवाहिकेचे क्रमांक असे : अमेरिका आणि कॅनडात ९११, युरोपीय महासंघातल्या सर्व देशांत ११२, ब्रिटनमध्ये ९९९, संयुक्त अरब अमिरातीत ९९८, सिंगापूरमध्ये ९९५, थायलंडमध्ये १६६९, जपानमध्ये ११९, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, न्यूझीलंडमध्ये १११, नेपाळमध्ये १०२, श्रीलंकेत १९९०. जिथे जायचे तिथला क्रमांक फोनमध्ये साठवावा आणि कागदावरही लिहावा.

तातडीची नसलेली, पण दुकानात निभणार नाही अशी तक्रार असेल, तर प्रत्येक देशाची रीत वेगळी. अमेरिकेत ‘अर्जंट केअर’ नावाची केंद्रे असतात. ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, टाके घालावे लागतील अशी जखम यांसाठी तिथे वेळ न ठरवता जाता येते. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागापेक्षा तिथला खर्च बराच कमी असतो. खऱ्या आणीबाणीत मात्र पैशांच्या भीतीने थांबू नये. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या आपत्कालीन विभागाला रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, मग त्याच्याकडे विमा असो वा नसो. बिल नंतर येते, हेही तितकेच खरे. ब्रिटनमध्ये १११ वर फोन केला की कुठे जायचे ते सांगतात. तिथल्या आपत्कालीन विभागातले उपचार परदेशी पाहुण्यांनाही मोफत असतात, पण दाखल व्हावे लागले तर शुल्क आकारले जाते. जर्मनीत दवाखान्याच्या वेळेनंतर डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा क्रमांक आहे.

भाषा येत नसेल तर फोनवरच्या भाषांतराचा उपयोग होतो, पण ॲलर्जी आणि औषधांची नावे यंत्रावर सोडू नयेत. ती कागदावर इंग्रजीत लिहिलेली दाखवावीत. मोठ्या रुग्णालयांत अनेकदा दुभाषा मिळतो. तो मागायला संकोच करू नये. आई-वडिलांच्या तक्रारी मुले सांगतात तेव्हा नकळत अर्ध्या गाळतात. लघवी, शौच किंवा स्त्रियांच्या तक्रारींबाबत तर हटकून.

माकड, कुत्रा किंवा मांजर चावले वा ओरखडले, तर बालीतही नियम तोच, जो इथे गावात लागू आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. ‘चार दिवसांनी घरी गेल्यावर पाहू’ असे म्हणू नये. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की वाचण्याची आशा जवळपास संपते. खोल जखम असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते लहान बेटांवर लगेच मिळेलच असे नाही, म्हणून विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर तेव्हाच विचारावे. लसीचे नाव आणि तारखा लिहून आणाव्यात. उरलेले डोस इथल्या सरकारी रुग्णालयात घेता येतात.

विमा काढताना लपवाछपवी नको

शेंजेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही, आणि उपचार सर्वांत महाग तिथेच आहेत. विमा घेताना पॉलिसीतले आधीपासूनच्या आजारांचे कलम नीट वाचावे. काही पॉलिसी अशा आजारांचा खर्च देतच नाहीत, काही फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी देतात. हप्ता कमी व्हावा म्हणून मधुमेह किंवा अँजिओप्लास्टी लपवली, तर दावा फेटाळला जातो आणि तो आजार रुग्णालयाच्या कागदांवर आपोआप येतोच. एजंट ‘काही होत नाही, लिहू नका’ म्हणाला तरी लिहावे.

दाखल व्हावे लागले तर शक्य तितक्या लवकर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे. थेट पैसे कोणत्या रुग्णालयात भरले जातात, ते तेच सांगतात. डॉक्टरांचा अहवाल, तपासण्यांचे निकाल, औषधांच्या पावत्या, सगळे जपून ठेवावे. अगदीच अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी परदेशातल्या भारतीय दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरज आणि परिस्थिती पाहून त्यातून आणीबाणीच्या उपचारांसाठी मदत होऊ शकते. मात्र तो विम्याला पर्याय नव्हे.

एक कागद, तीन प्रती

निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे आपल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि एक पानभर पत्र इंग्रजीत मागून घ्यावे. सरकारी रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनीही ते मागावे. केसपेपर आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत नेल्या तर हे काम सोपे होते. पत्रात पुढील गोष्टी असाव्यात.

• पासपोर्टवर आहे तसेच नाव, वय, वजन आणि रक्तगट.
• सर्व आजार आणि झालेल्या शस्त्रक्रिया, वर्षासह. स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड.
• प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी. कंपनीचे नाव त्यानंतर.
• इन्सुलिन असेल तर प्रकार, यू-४० की यू-१००, आणि डोस.
• कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि तेव्हा नेमके काय झाले होते.
• अलीकडचे अहवाल : साखर, क्रिएटिनिन, आणि हृदयरुग्णांसाठी ईसीजीची प्रत. जुना ईसीजी समोर असेल तर नवा बदल डॉक्टरांना चटकन कळतो.
• डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि फोन. खाली घरच्या एका माणसाचा फोन आणि विम्याचा क्रमांक.

या कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक हातातल्या बॅगेत, एक जोडीदाराकडे आणि एक घरी राहणाऱ्या माणसाकडे. मोबाइलमध्ये फोटो असावा, पण बॅटरी संपलेली असताना कागदच कामाला येतो.

परत आल्यावर तिथे बदललेली किंवा नव्याने दिलेली औषधे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. अनेक जण तिकडची गोळी आणि इकडची जुनी गोळी दोन्ही चालू ठेवतात. नावे वेगळी असतात, आत औषध एकच असते. आणि परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला, तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा ताप फॅल्सिपॅरम मलेरियाचा असू शकतो, आणि त्यात एखाद्या दिवसाचा उशीरही महागात पडतो.